‘शुभेच्छुकां’च्या खर्चाचा हिशेब

महोदय,
महापालिका निवडणुकांतील फलकबाजीवरील आपला अग्रलेख वाचला. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. पण ‘शुभेच्छुक’, ‘मित्रमंडळ’ किंवा ‘जागरूक नागरिक’ अशा नावांनी झळकणाऱ्या फलकांमागचा पैसा कोणाचा, हे मतदाराला कळत नाही आणि अग्रलेखात या मुद्द्याला केवळ ओझरता स्पर्श झाला आहे. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मागाहून संमती घेऊन नियमित करता येणाऱ्या खर्चाची मर्यादा मात्र आजही १० रुपये आहे; तेवढ्यात फलक बांधायची सुतळीही येणार नाही! शिवाय हे कलम उमेदवाराला निवडून आणण्यासाठीच्या खर्चापुरते असल्याने प्रतिस्पर्ध्याच्या बदनामीसाठी दिलेली निनावी जाहिरात त्यात बसवणे कठीण. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २०१८ च्या निवडणुकांपासून उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात जाहिरात करणाऱ्या त्रयस्थाला पालिकेकडे नोंदणी करावी लागते, जाहिरातीवर आपले नाव द्यावे लागते आणि खर्चमर्यादाही पाळावी लागते. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने निदान प्रत्येक फलकावर आणि समाजमाध्यमांवरील जाहिरातीत पैसे देणाऱ्याचे नाव छापणे बंधनकारक करावे.

– एक मतदार, ठाणे