डी चं पाकीट आणि आईचा खुबा

संपादक महोदय,

माझी आई ७८ वर्षांची. दर रविवारी सकाळी दुधात कालवून व्हिटॅमिन डी चं साठ हजार युनिटचं पाकीट घ्यायची, दोन वर्षं न चुकता, आणि आम्ही सगळे निर्धास्त की हाडांचं तरी बघितलंय आपण. मार्चमध्ये रात्री बाथरूमला जाताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून हॉलपर्यंत येते. जुनी चिठ्ठी शोधून काढली तर त्यावर पाकीट आठच आठवडे लिहिलेलं, पण मेडिकलवाला देत गेला आणि आम्ही आणत गेलो.

मग वाचायला लागले. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी आणि निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी, असं पाच वर्षं देऊन बघितलं, २०२२ ला निकाल आला, डी घेणाऱ्यांचे फ्रॅक्चर काही कमी झाले नाहीत. त्यातल्या बहुतेकांना डी ची कमतरता नव्हती हे खरं, आणि ज्यांना खरंच कमी आहे त्यांनी घ्यायलाच पाहिजे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या आज्यांना रोज ८०० युनिट डी आणि सोबत कॅल्शियम दिलं तेव्हा खुब्याचे फ्रॅक्चर कमी झाले होते, १९९२ ची गोष्ट. पण ते रोज थोडं थोडं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले तर त्या उलट जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली! हे वाचून मी हादरलेच.

आणि आईला कधी कोणी विचारलंच नाही की रात्री किती वेळा उठता, झोपेची गोळी घेता का, मोतीबिंदू किती पिकलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का. आम्हीपण नाही विचारलं. दांडी आता बसवली. डिस्चार्जच्या कागदावरही परत फक्त कॅल्शियम आणि डी, डेक्सा टेस्ट (हाडं किती भक्कम आहेत ते मोजणारी तपासणी) आणि हाडं ठिसूळ होण्यावरच्या औषधाचं मीच मागे लागून विचारलं तेव्हा सुरू झालं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत डॉक्टर लिहितात, त्यांना एवढं सांगा की हे पाकीट कोणी घ्यायचं, किती आठवडे, आणि बंद कधी करायचं ते एकदा मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे आमच्या आळीतल्या आज्यांना मी कापून देईन.

एक वाचक, सांगली