सायकॅट्रीच्या (मानसोपचार विषयाच्या) टेस्टबद्दल, सगळ्यांनी वाचा

मुलींनो आणि मुलांनो, सोमवारी टेस्ट आहे, लक्षात आहे ना? जुन्या नोट्समध्ये अजून १९८७ चा कायदा लिहिलाय, तो पाठ करू नका, आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चालतो. कलम ११५ नीट वाचा, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्यामुळे कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, असा पेशंट आला की त्याला आरोपीसारखे प्रश्न विचारायचे नाहीत. इमर्जन्सी ट्रीटमेंट सहसा जास्तीत जास्त ७२ तास, आणि भूल व मसल रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) न देता ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार, बंद म्हणजे बंद. ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह आणि नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह यात दरवेळी अर्धा वर्ग घोळ घालतो, पहिल्यात पेशंट आपली इच्छा आधी लेखी देतो, दुसऱ्यात आपला माणूस नेमतो, बस.

आजारांमध्ये स्किझोफ्रेनिया, डिप्रेशन, बायपोलर करा. लिथियम हे बायपोलरचं औषध, त्याची रक्तातली लेव्हल दीड mEq/L च्या वर म्हणजे धोका, हात थरथरतात, जुलाब होतात, चाल अडखळते. पेशंट कानावर हात ठेवून भिंतीशी बोलत असेल तर "कुणीच बोलत नाहीये" म्हणून वाद घालू नका हं, "मला आवाज येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय" असं म्हणा. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) हे हमखास विचारतात. केस शीटवर पेशंटचं नाव नको, आणि वॉर्डातले फोटो ग्रुपवर तर अजिबात नको.