मालिशवाल्या मावशींना, कळव्याहून

मावशी, तुमच्या सुनेच्या मोबाईलवर पाठवतेय, ती वाचून दाखवेल. बाकीच्यांनाही दिसेल असंच टाकलंय, मुद्दाम.

छकुलीला पायावर पालथं घेतलंत आणि माकडहाडाच्या वर तुमचा हात थांबला. मऊ फुगवटा, त्यावर बारीक लव, खालची फट जराशी एका बाजूला गेलेली. घरात सगळेच तिचे लंगोट बदलायचे पण कुणाला काही वाटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या चरबी आहे, कोमट तेलाने जिरेल, जवळच्या डॉक्टरांनीही बाळ गुटगुटीत आहे म्हणून वाटेला लावलं. तुम्ही मात्र हटून बसलात, पाठीच्या मधोमध असली गाठ मी रगडणार नाही, आधी लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा.

चरबीच निघाली, सासूबाई तेवढ्यापुरत्या बरोबर! पण ती मणक्यातून आत जाऊन मज्जारज्जूला, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीला, चिकटलेली, पार पोटात असल्यापासून. सर्जननी कागदावर काढून दाखवलं, मज्जारज्जू आत मोकळा पाहिजे, त्याचं टोक कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी असतं, हिचं चरबीने खाली बांधून ठेवलेलं, म्हणजे मूल वाढेल तसा ताण पडणार आणि मग लघवी-शीवरचा ताबा, पायातलं बळ, पाऊल वाकडं होणं हे सगळं मागे लागतं, आणि गेलेला ताबा परत येईलच असं नाही. तान्ह्याचे मणके पूर्ण हाडाचे झालेले नसतात म्हणून सोनोग्राफीतच बरंच दिसलं, नंतर भूल देऊन एमआरआय.

काहीच त्रास नसेल तर ऑपरेशन लगेच करायचं की लक्ष ठेवायचं यावर डॉक्टरांचंही एकमत नसतं म्हणे. हिचा डावा पाय कमी हलायला लागलेला, त्यामुळे आमचा तो प्रश्न सुटला. नसांना बारीक करंट देऊन कुठली कामाची ते बघत बघत चरबी सोडवतात, सगळी काढतही नाहीत, नस दुखावेल म्हणून. नंतर मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळू नये म्हणून आडवंच ठेवायचं, ते दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत.

आता घरभर पळते, डावी चप्पल तेवढी लवकर झिजते. उंची वाढताना परत ताण येऊ शकतो म्हणून तपासण्या चालूच राहणार.

मावशी, मनापासून थँक्यू. साडी नको म्हणालात, ठीक, पण त्या दिवशीचे पैसे तरी घ्या आता. आणि खालच्या मजल्यावर बाळ आलंय, तुमचा नंबर दिलाय, रेट जरा वाढवूनच सांगा.