चटणीच्या बरणीवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या दुकानाच्या पाटीवर नाव नाही, नुसतं 'बरण्या, डबे व बुचे' एवढंच आहे. तेव्हा मीही इथे नाव लिहीत नाही. चैत्रात, ऐन चटणीच्या सिझनमध्ये, तुमच्या काउंटरपुढे बायकांच्या गर्दीत एक माणूस कॅरीबॅगेत पावडर कोटिंगच्या गनचं झाकण घेऊन उभा होता, तो मी. बचत गटाच्या ताईंना शंभर बरण्या मोजून दिल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "आणि तुमची कसली चटणी?"

माझी चटणी काळी होती काका, आणि ती आदल्याच दिवशी सगळ्या शेडमध्ये उडाली होती.

हे पत्र दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (कोल्हापूरबाहेरच्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्यालाच चटणी म्हणतात.) गोकुळ शिरगावात आमची पावडर कोटिंगची, म्हणजे लोखंडी वस्तूंवर कोरड्या रंगाची पावडर मारून ती भाजायची, छोटी शेड आहे. मी आणि धाकटा भाऊ. खिडक्यांच्या ग्रिल, स्टँड, मोटरसायकलचे सुटे भाग, कुणाचे चार-दोन इलेक्ट्रिक पॅनल, असला फुटकळ जॉबवर्क. मोठ्या प्लँटमध्ये पावडरचा हॉपर, म्हणजे मोठी टाकी असते, त्यात पंचवीस किलोचा खोका ओतला की दिवसभर एकच रंग चालतो. आमच्याकडे सकाळी सहा ग्रिल पांढऱ्या, दुपारी दोन स्टँड काळे आणि संध्याकाळी कुणाचा तरी लाल सायलेन्सर गार्ड. त्यामुळे आम्ही कपाची गन वापरतो. गनच्या पोटाला एक झाकण असतं, त्यात दोन नळ्या आणि खालून आट्यांवर पिळून बसवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कप. एका नळीतून हवा आत जाते, पावडर घुसळते, दुसऱ्या नळीतून ती गनच्या तोंडाशी येते. तिथे हजारो व्होल्टचा भार घेऊन ती अर्थिंग केलेल्या जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, जाऊन चिकटते. मग ओव्हनमध्ये 180 ते 200 डिग्रीला दहा-पंधरा मिनिटं. झालं.

रंग बदलताना कप, झाकण, नळ्या सगळं साफ करावं लागतं. पांढऱ्यात काळ्याचा एक कण राहिला तरी भाजल्यावर तो तिळासारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून रंगागणिक वेगळा कप हवा. आमच्याकडे पाच होते. आठ महिन्यांत त्यातले चार मानेशी तडकले. ज्याच्याकडून गन घेतली तो म्हणाला, कप सुटा मिळेल, 780 रुपयाला एक, सहा आठवडे लागतील, कुरिअर वेगळं. मला बारा हवे होते. बारा कपांचे 9,360 रुपये! एवढ्यात पावडरचे खोके आले असते.

तेव्हा मी जे केलं ते तुम्हाला सांगताना मान खाली घातली होती, आता इथेही घालतो. बाजारातून 63 एमएम मानेची बरणी उचलली. हातानं पिळली, अर्ध्यावर अडली, आणखी जोर लावला, 'कर्र' झालं आणि बसली. बसली म्हणजे मला वाटलं बसली. त्यात काळी पावडर भरली. भावानं ट्रिगर दाबला, मिनीटभर छान चाललं. मग तोंडाशी पावडर तुंबली असावी, हवेला वाट मिळेना आणि बरणी धाडकन सुटून खाली पडली. आतली सगळी पावडर हवेत. पापण्यांसकट भाऊ काळा. शेजारी हुकांना पांढऱ्या बावीस ग्रिल लटकत होत्या, पावडर मारलेल्या, ओव्हनची वाट बघत.

भाजलेली नसेल तर पावडर हवेनं उडवता येते, हे त्या दिवशी आमच्या नशिबातलं एकमेव चांगलं. दोन ग्रिल घाईत ओव्हनमध्ये गेल्या होत्या, त्या ठिपक्यांसकट बाहेर आल्या आणि घासून पुन्हा कराव्या लागल्या. आणखी एक नशीब म्हणजे जवळपास कुणाच्या तोंडात बिडी नव्हती. हवेत दाट पसरलेली ही पावडर ठिणगीनं पेट घेते. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्या काळ्या ढगात उभं राहणं वेगळं.

तर ही कथा ऐकून कुठलाही दुकानदार म्हणाला असता, आमची बरणी मजबूत आहे, न्या. तुम्ही म्हणालात, "आधी फुटलेला कप दाखवा."

तो बॅगेतच होता. तुम्ही तो उजेडात धरलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि मानेजवळच्या चिरा नखानं चाचपल्यात. केसासारख्या बारीक, सगळ्या उभ्या. मग विचारलंत, "थिनरनं पुसता काय हो?"

पुसत होतो. रोज. कप काचेसारखा लख्ख दिसावा म्हणून.

"मग कप फुटला नाही, तुम्ही फोडलात," तुम्ही म्हणालात. ते कडक, पारदर्शक प्लॅस्टिक थिनरला टिकत नाही. जिथे ते पिळून ताणलेलं असतं तिथे, म्हणजे आट्यांपाशीच, आधी चिरा पडतात. मी सहा आठवडे थांबून बारा कप मागवले असते आणि सहा महिन्यांत तेही असेच घालवले असते. गनवाल्यानं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. ज्यांच्याकडे 16 रुपयांची बरणी घ्यायला आलो होतो, त्यांनी विचारलं.

मग तुम्ही ड्रॉवरमधून तो जुना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढलात. त्याचा डबाही बरणीचंच बूच लावलेला, हे मी बघितलं. झाकणाच्या आतले आटे तुम्ही एक नव्हे, तीनदा मोजलेत. मला वाटत होतं मान जुळली की काम झालं. तुम्ही एकाच मापाच्या तीन बरण्या काउंटरवर ओळीनं ठेवल्यात, तिन्ही 63 च्या, आणि तिन्ही झाकणाला लावायला दिल्यात. पहिली अर्ध्या फेऱ्यात अडली. दुसरी गेली, पण हलत होती. तिसरी दीड फेरा फिरून रबराच्या वायसरवर अशी जाऊन टेकली की आवाजही आला नाही. "मान एक, साचे तीन," एवढंच तुम्ही म्हणालात. आट्यातलं अंतर, आट्याची उंची, ओठाची जाडी हे सगळं साच्यागणिक बदलतं. माझी 'कर्र' करून बसलेली बरणी आटे कापत गेली होती.

दुधी रंगाच्या एचडीपीई प्लॅस्टिकची बरणी जास्त दणकट दिसत होती, म्हणून मी ती मागितली. ती तुम्ही दिली नाहीत. तिचा ओठ फुगवल्यानंतर कापलेला असतो, कुठे उंच कुठे सखल, हवा धरत नाही. पेटच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीची मान मात्र आधीच प्रीफॉर्ममध्ये, म्हणजे फुगवण्याआधीच्या नळकांड्यात, दाबून ओतलेली असते, फुगते ते फक्त खालचं पोट, म्हणून तिचे आटे आणि ओठ मापात येतात. आणि आतली पावडर किती उरली ते दिसतं. अर्धा किलोची घेऊ नका म्हणालात, कारण झाकणाच्या नळ्या तिच्या बुडापर्यंत पोचणार नाहीत आणि तळाची पावडर तशीच पडून राहील. जुन्या कपाची खोली मोजून पाव किलोची बुटकी बरणी दिलीत. तीच, जी ताईंनी शंभर नेली होती.

मी लगेच बारा मागितल्या तर तुम्ही एकच हातात ठेवलीत. एक लावा, आठ दिवस चालवा, मग या. पैसे द्यायला गेलो तर "सोळा रुपयांसाठी सुट्टे कुठनं आणू" म्हणून परत ढकललेत. गल्ल्यात सुट्ट्यांची रास होती, काका. मला दिसत होती.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. गनचं स्विच बंद ठेवून, रिकामी बरणी लावून, जोडावर साबणाचं पाणी फासलं, गनचं तोंड बुचानं बंद केलं आणि मध्ये प्लायचा तुकडा धरून हवा हळूहळू सोडली. एक किलो प्रेशरला एकही बुडबुडा नाही. आमचं काम त्याच्या निम्म्यातच होतं. नवव्या दिवशी अकरा बरण्या नेल्या. तेव्हा मात्र तुम्ही पैसे घेतलेत, एकशे शहात्तर, मोजून.

आता थिनर शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला आहे. बरण्या कोरड्या फडक्यानं आणि हवेच्या झोतानंच साफ करतो. ओव्हनपासून लांब, भिंतीच्या फळीवर ठेवतो, कारण सत्तर-पंच्याहत्तर डिग्रीला ही बरणी मऊ पडते, हेही तुम्हीच बजावलं होतंत. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता तो फायदा पावसाळ्यात कळला. गनवाल्याच्या कपाला स्वतःचं झाकण नव्हतं, आम्ही वर फडकं टाकायचो. आषाढात पावडर ओल धरायची, गोळे व्हायचे आणि गन मध्येच थुंकल्यासारखी करायची. तुमच्या बरणीबरोबर लाल बूच आलं. काम झालं की गनमधून काढायची, बूच घट्ट लावायचं, वर रंगाचा नंबर लिहायचा. यंदाच्या पावसात चाळणी फारशी हातातच घ्यावी लागली नाही.

घोटाळा एकच झाला. आईनं फळीवरची लाल बरणी बघितली आणि विचारलं, कुठल्या मिरचीची रे ही, रंग भारी आलाय. तेव्हापासून लाल पावडरची बरणी वरच्या फळीवर, कुलपात.

गेल्या आठवड्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुमचं बसायचं लोखंडी स्टूल बघितलं. पाय गंजलेत, एका पायाचा रबरी बूटही गेलाय. येत्या रविवारी दुकान बंद असतं ना, मी भावाला पाठवतो. जुना रंग काढून, गंज धुऊन, गंज धरू नये म्हणून फॉस्फेटचा थर देऊन, भाजून सोमवारी सकाळी तुम्ही शटर उघडायच्या आत आणून ठेवतो. पैशांचं विचाराल तर माझ्याकडेही सुट्टे नाहीत. रंग तेवढा सांगा. निळा सोडून, त्याची बरणी परवाच रिकामी झाली आहे.

तुमचा,
काळ्या चटणीवाला