मागूर कुठला, ते नावातच लिहिलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय: माशांच्या बातम्यांमध्ये शास्त्रीय नाव छापण्याबाबत

तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर मागूरची तळी नष्ट केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि हेडिंग बहुतेक वेळा असंच असतं की मागूर माशावर बंदी. साहेब, मागूरवर बंदी नाहीये. बंदी आहे ती क्लॅरियस गॅरिएपिनस या आफ्रिकन माशावर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. आपला देशी मागूर वेगळा, त्याचं नाव क्लॅरियस मागुर, तो खायला विकायला कसलीच आडकाठी नाही, उलट तोच आता धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. हेडिंग वाचून गिऱ्हाईक घाबरतं आणि देशी मागूर घेऊन बसलेल्या माणसाचा धंदा बुडतो. कंसात दोन शब्द जास्त छापले असते तर हे टळलं असतं, म्हणून हे पत्र.

आता हे दोन शब्द काय सांगतात बघा. क्लॅरियस हे ग्रीक ख्लारोस वरून आलंय, म्हणजे तरतरीत, जिवात जीव असलेला, कारण हा मासा पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ तग धरतो, हवेतनं श्वास घेतो. गॅरिएपिनस म्हणजे गॅरिएपचा. गॅरिएप हे दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं तिथल्या मूळ लोकांनी ठेवलेलं नाव, आणि बर्चेल नावाच्या प्रवाशानं १८२२ साली हा मासा जगासमोर आणला तेव्हा त्यानं तेच नाव माशाला दिलं. म्हणजे बाजार म्हणतो थाई, कारण आपल्याकडे तो थायलंड बांगलादेशच्या वाटेनं आला, पण त्याचं खरं गाव नावात दोनशे वर्षांपासून लिहून ठेवलंय. आणि योगायोग असा की त्याच १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेच्या माशांवरचं पुस्तक काढलं आणि त्यात आपल्या देशी माशाला लोक हाक मारायचे तेच नाव दिलं, मागुर. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ ला थाई मागूरची तळी नष्ट करायचे आदेश दिले ते गॅरिएपिनससाठी, मागुरसाठी नाही. एवढा फरक दोन नावांत आहे.

यात आणखी एक गोंधळ आहे, तो कॉलेजच्या पुस्तकांत अजून चालू आहे. कित्येक वर्षं आपल्या मागूरला क्लॅरियस बॅट्राकस म्हणायचे, हे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ ला दिलेलं नाव, बॅट्राकस म्हणजे बेडूक. २००८ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की ते नाव जावा बेटावरच्या माशाचं आहे, आपल्या माशाचं नाही, म्हणून हॅमिल्टनचं मागुर परत आलं. तरी गाइडं अजून बॅट्राकसच छापतात आणि पोरं तेच पाठ करतात.

पोरांचा विषय निघालाच आहे तर सांगते, मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते आणि शास्त्रीय नावं म्हटलं की वर्गाचं तोंड वाकडं होतं, लॅटिन आहे, परकं आहे, रट्टा मारा आणि सोडा. पण मिशीवाल्या माशांची, म्हणजे कॅटफिशची नावं फळ्यावर लिहून मोठ्यानं वाचायला सांगितली की वर्ग सावरून बसतो. स्पेराटा सीनघाला, मिस्टस सीनगटी. अहो हे तर शिंगाळा आणि शिंगटी! भीमेकाठच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या घरात हे शब्द रोजचे आहेत. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचा काटा ज्याच्या हातात घुसलाय त्याला हे नाव कशावरून पडलं तेही विचारावं लागत नाही.

ही नावं दिली कर्नल सायक्सनी. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, १८२४ ला मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सगळी माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं, पिकं, लोकसंख्या, हवामान, आणि त्यातच त्यानं मुळा-मुठा, भीमा वगैरे नद्यांतले मासे बघितले आणि १८३९ च्या सुमाराला लंडनमध्ये त्यांची वर्णनं छापली. नाव काय द्यायचं तर बऱ्याच ठिकाणी इथले मराठी लोक जे म्हणत होते तेच इंग्रजी कानानं ऐकून लिहिलं. म्हणून ते दोन दोन ई लावलेलं स्पेलिंग. सीनघाला, सीनगटी, ताकरी, रिटा गोग्रा मधलं गोग्रा, सगळे त्यातलेच. (रिटा हे कुणा बाईचं नाव नाही बरं का, तो बंगालमधला माशाचा शब्द आहे, हॅमिल्टनकडून आलेला.) ज्यांच्या तोंडून सायक्सनी हे शब्द ऐकले त्या मच्छीमारांची नावं कुठं राहिली नाहीत पण त्यांचे शब्द लंडनपासून टोकियोपर्यंत प्रत्येक म्युझियमच्या बाटलीवर चिकटलेले आहेत. मला हे फार मोठं वाटतं.

सायक्सनी साहेबांची नावंही दिली अर्थात. कृष्णा-गोदावरीतला एक मोठा चंदेरी मासा आहे, सिलोनिया चिल्ड्रेनी. त्याचा लहान मुलांशी काही संबंध नाही, जॉन जॉर्ज चिल्ड्रेन नावाचे ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्राचे प्रमुख होते त्यांचं आडनाव ते. नियम सोपा आहे, पुरुषाच्या नावाला शेवटी बहुधा ई लागतो, बाईच्या नावाला ए, गावाला एन्सिस. ग्लिप्टोथोरॅक्स ट्रेवावसे म्हणून सह्याद्रीकडचा एक छोटा मासा आहे तो एथेलविन ट्रेवावस या ब्रिटिश बाईंच्या नावाचा, त्या मत्स्यतज्ज्ञ होत्या. ते नाव आपले भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ ला दिलं. आणि त्याच वर्षी त्यांनीच दुसरं नाव दिलं, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. म्हणजे पुण्याचा! ग्लिप्टोथोरॅक्सचा अर्थ कोरलेली छाती, याच्या छातीखाली घड्या घड्यांची चिकट जागा असते, तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. पुण्याचं नाव लावणारा मासा वाहतं पाणी आणि स्वच्छ दगड मागतो, आणि पुण्यात आज नदीकाठाचे एवढे प्रकल्प चालतात, एवढी चर्चा होते पण त्यात या माशाचं नाव मी तरी वाचलेलं नाही. तुमच्या पुणे आवृत्तीनं त्याच्यावर एक पूर्ण पान द्यावं.

होरांच्या नावाचाही एक मासा आहे, केरळात कोट्टायमकडे विहिरीत सापडणारा आंधळा कॅटफिश, होराग्लानिस. यातलं ग्लानिस हे ग्रीकांचं कॅटफिशसाठीचं जुनं नाव. ॲरिस्टॉटलनं लिहिलं होतं की ग्लानिसचा नर अंडी राखत बसतो, हलत नाही. युरोपातल्या विद्वानांना ते शतकानुशतकं खरं वाटेना. पुढं एकोणिसाव्या शतकात अगासी या शास्त्रज्ञानं ग्रीसमधल्या नदीतनं मासे मागवून बघितले तर ती वेगळीच जात निघाली आणि तिला नाव मिळालं सिलुरस ॲरिस्टोटेलिस. दोन हजार वर्षांनी माणसाचं म्हणणं खरं ठरलं ते असं माशाच्या नावात नोंदलं गेलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते नाव आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यातलं आहे. १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी एका लहानशा कॅटफिशचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं निओट्रोपियस खवलचोर. हो, खवलचोर, सरळ मराठीत. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवलं ओरबाडून खातो, पंचगंगेत अजून आहे. आता हल्ली त्याला पॅकिप्टेरस या गटात टाकलंय पण मागचं खवलचोर तसंच राहिलं, कारण जातीचं नाव एकदा दिलं की गट बदलला तरी ते सोबत जातं असा नियमच आहे. आणि गंमत म्हणजे कॅटफिशला स्वतःला खवलं नसतातच. ज्याच्या अंगावर एक खवलं नाही तो लोकांची चोरतो, हे नदीवरच्या माणसांनी बघितलं, दोन शब्दांत बसवलं, आणि कुलकर्णींनी ते बदलून ग्रीक करायच्या भानगडीत पडले नाहीत. जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला या माशावर लिहायचं असेल तर त्याला खवलचोर लिहावंच लागतं.

म्हणून माझं म्हणणं, माशांच्या बातमीत शास्त्रीय नाव छापा, देवनागरीतच छापा, आणि शक्य असेल तर एका ओळीत अर्थ द्या. वाचकांना ते जड जाईल असं समजू नका. हॉटेलात बासा म्हणून जो मासा ताटात येतो तो बहुतेक वेळा पँगासियानोडॉन हायपॉफ्थाल्मस असतो, हायपो म्हणजे खाली आणि ऑफ्थाल्मस म्हणजे डोळा, डोळे फार खाली असलेला. एवढं छापलं तरी लोक बाजारात मासा उलटून बघतील की आपण नक्की काय घेतोय.

दुसरी विनंती मोठी आहे पण पेपरच करू शकतो. सायक्सनी जे ऐकलं त्यापेक्षा कितीतरी जास्त नावं आजही भोई, कोळी, ढिवर लोकांकडे आहेत, एकाच माशाला भीमेवर एक आणि वैनगंगेवर दुसरं. धरणं झाली, नदीतले मासे बदलले, तळ्यात सोडलेलं बी वाढलं, नव्या पोरांना कटला रोहू तेवढे माहीत. तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. रविवारच्या पुरवणीत एक चौकट ठेवा, माशाचा फोटो, नदीचं नाव, गावातलं नाव आणि ते सांगणाऱ्या माणसाचंही नाव. कोणती जात ते ओळखून शास्त्रीय नाव जुळवायला कॉलेजांतले प्राणिशास्त्राचे शिक्षक नक्की मदत करतील, मी स्वतः करीन.

आपली,
एक शिक्षिका, ता. दौंड