बिल तोंडपाठ, वापराचा पत्ता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही रस्त्यात थांबवून विचारा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती आहे? रिक्षावाला असो नाहीतर कपिलतीर्थ मंडईतली भाजीवाली, फूट आणि इंच दोन्ही सांगेल. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत तेही कळेल. आता त्याच माणसाला विचारा, तुझ्या घरात महिन्याला वीज किती युनिट जळते, पाणी किती घनमीटर लागतं, गोडं तेल किती किलो संपतं? उत्तर रुपयांतच येणार. "बिल अठराशे आलं बघा."

माझा याच्याशी संबंध पोटापाण्याचा. मी विद्युत मंडळात मीटर रीडर म्हणून लागलो, २००५ साली मंडळाची महावितरण झाली आणि तिथूनच निवृत्त झालो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, राजारामपुरीच्या गल्ल्या, नंतर उपनगरं, असा सगळा भाग पायाखालचा. जुन्या मीटरची अ‍ॅल्युमिनियमची चकती गरागरा फिरायची. ती थांबवायला फोटोच्या निगेटिव्हची पट्टी सरकवणारे बहाद्दरही पाहिले. (त्यातले काही आज मोठे प्रतिष्ठित आहेत, म्हणून गल्लीचं नाव लिहीत नाही.) पण सगळ्या नोकरीत लोकांनी मला प्रश्न विचारला तो एकच: "साहेब, बिल किती येईल?" युनिट किती पडले, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते, का वाढले, हे विचारणारं माणूस विरळा. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे छापलेले असतात. लोक रक्कम आणि शेवटची तारीख तेवढी बघतात.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या घरात डोकावायचा हक्क संपला, तेव्हा म्हटलं आपल्याच घराचं रीडिंग घ्यावं. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नातू. दुमजली घर, वर पत्रा. काय निघालं ते इथं मांडतो, कारण आमचं घर काही वेगळं नाही. पेठेतली शंभर घरं अशीच आहेत.

आधी वीज. आमची वर्षाची सरासरी महिन्याला २४० युनिटच्या आसपास. मुलाच्या खोलीत एसी बसल्यापासून एप्रिल-मेमध्ये तिनशेची पायरी ओलांडते, आणि तिनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. पण एसी उघड आहे, त्याच्यावर घरात भांडण तरी होतं. खरी गंमत मीटरच्या लाल दिव्यात आहे. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्याकडे वेगळा असू शकेल. एका रात्री सगळे झोपल्यावर दिवे, पंखे बंद केले, फ्रिजचं बटणही दहा मिनिटं बंद ठेवलं आणि घड्याळ घेऊन मीटरपुढं उभा राहिलो. घरात काहीही चालू नाही. तरी दर २२ सेकंदांनी दिवा लुकलुकतोय.

हिशेब सोपा आहे. तासाला साधारण १६३ लुकलुक, म्हणजे ५० वॉटच्या आसपास. दिवसाला सव्वा युनिट, महिन्याला ३७. कुणीही न वापरलेली वीज, आणि एकूण वापराच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी!

मग एकेक वस्तू काढून बघितली. मोबाईलच्या चार्जरवर लोक फार उपदेश करतात, पण नुसता लटकणारा चार्जर जवळजवळ काही ओढत नाही. खाणारे वेगळेच. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो. हात लावून बघा, गरम लागेल. वायफायचा डबा, भरलेल्या बॅटरीला चाटत बसलेला इन्व्हर्टर, ओव्हनवरचं घड्याळ. टीव्ही आणि बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणापासून बंद करायला लागलो तेव्हा दिवा चाळीस सेकंदांवर गेला. खर्च शून्य. नातवाला हे काम दिलंय आणि तो माझ्यापेक्षा कडक निघाला, बातम्या अर्ध्यात असताना बटण दाबतो.

बाकी आकडेही सांगून टाकतो. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आसपास. दोन किलोवॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. आमच्या लहानपणी तांब्याचा बंब होता, त्यात शेणी आणि चिपाडं जळायची. त्या धुरानं आईच्या डोळ्यांचं काय झालं ते मी पाहिलंय, त्यामुळे बंबाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. गिझर हवाच. फक्त तो लावून दात घासायला, चहा प्यायला आणि पेपर वाचायला जाऊ नये.

पाण्याचा आकडा बघून मात्र मी गप्प झालो. आमच्या नळाला मीटर आहे. महिन्याला २६ घनमीटरच्या आसपास, म्हणजे २६ हजार लिटर. माणशी दिवसाला १७० लिटरच्या वर. शहरी पाणीयोजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. आम्ही कुठं बाग फुलवत नाही की गाडी धूत नाही. मग जातं कुठं? संडासची जुनी टाकी एका दट्ट्याला १० लिटर सोडते. पाच माणसं, प्रत्येकी पाच वेळा धरा, झाले अडीचशे लिटर. पिण्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग आम्ही तिथं ओततो. या पाण्यासाठी शहरानं काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनची वर्षानुवर्षं वाट पाहिली, मोर्चे काढले, निवडणुका लढल्या, आणि २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पन्नासहून जास्त किलोमीटरवरून ते पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला पोचलं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण कशासाठी बांधायला घेतलं हे आपण दर जयंतीला ऐकतो. ऐकून घरी येतो आणि दट्ट्या दाबतो.

आता दोन बटणांची टाकी बसवली आहे, एक बटण तीन लिटरचं, एक सहाचं. प्लंबरसकट खर्च झाला, तो झाला.

दुसरं म्हणजे आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणारं ते यंत्र आमच्या ओट्यावर सुनेच्या आग्रहानं आलं. विकणाऱ्यानं काय भीती घातली ते असो. नंतर सर्व्हिसला आलेल्या पोराकडं पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, होता. म्हटलं, यंत्राचं राहू दे, आधी नळाचं पाणी मोज. आकडा शंभराच्या आत. सह्याद्रीतून येणाऱ्या नदीचं पाणी मुळात मऊ असतं. टीडीएस पाचशेच्या खाली असेल तिथं आरओवर बंदी घालावी असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलेलं आहे. पाण्यात जंतू असतील तर उकळा, गाळा, यूव्हीचं यंत्र लावा. क्षार काढायला आरओ लागतो, आणि आमच्या पाण्यात काढण्याइतके क्षारच नाहीत. सून अजून राजी नाही. तूर्त तडजोड अशी की बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरायचं.

आणि हे सगळं पाणी पुढं जातं कुठं, हेही बघावं. घरात आलेल्या पाण्याचा ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असं धरलं जातं. म्हणजे आमच्या एका घरातून महिन्याला वीस हजार लिटर. ते जयंती नाल्याच्या वाटेनं जातं, उपसून कसबा बावड्याच्या केंद्रात शुद्ध होतं, आणि जे उपसायचं राहतं ते सरळ पंचगंगेत. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे, नरसोबाची वाडी आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर आपल्याकडं जितके मोर्चे निघाले तितके क्वचितच कुठं निघाले असतील. कारखान्यांना दोष द्यावा, तो आहेच. पण नदीत जाणाऱ्या शहराच्या मैल्यावर कुठल्याही कारखान्याचं नाव नसतं.

२०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली. गावाभोवती समुद्र आणि शहराचे नळ कोरडे. गल्लीत टँकर यायचा, माणशी दोन-तीन बादल्या मिळायच्या. त्यात आंघोळ, धुणं, स्वयंपाक झाला. हाल झाले, तसं कायम जगावं असं मी म्हणणार नाही. तरी त्या दोन-तीन बादल्या आणि १७० लिटर यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे, एवढं मात्र तेव्हा दिसलं.

तेलाचा विषय काढला तेव्हा घरात खरी ठिणगी पडली. वाण्याच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. महिन्याला आठ लिटर, म्हणजे वजनानं सव्वासात किलो. वर्षाला माणशी सतरा-साडेसतरा किलो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस वर्षाला १२ किलोची, आणि देशाची सरासरी १९ च्या वर. म्हणजे आम्ही देशापेक्षा बरे, असं म्हणून मी सुटका करून घेत होतो, पण नातू आमचा पाचात धरला आहे आणि तो सात वर्षांचा आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांची मीटरं बघितलीसा, आता माझ्या कढईला मीटर बसवताय व्हय?" त्यांचंही चुकत नाही. तांबड्या रश्श्यावर तवंग नसेल तर पाहुणे ताटाकडं बघून तोंड वाकडं करतात आणि कट नसलेल्या मिसळीला इथं कुणी मिसळ म्हणत नाही. तरीही या देशात निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. तिकडं युद्ध सुरू झालं २०२२ साली आणि इकडं आमच्या वाण्यानं डब्याचा भाव वाढवला, तेव्हा आम्ही बजेट वाढवलं, तेल तेवढंच राहिलं. पाच किलोच्या कॅनमधून कढईत थेट ओतायचं बंद करून पळीनं घ्यायचं ठरलंय. यावर अधिक लिहिलं तर मला जेवण मिळणार नाही.

कचऱ्याचं थोडक्यात. रोज दीड-दोन किलो निघतो, निम्म्याहून जास्त ओला. पेठेत घराला परडं उरलेलं नाही, पण गच्चीच्या कोपऱ्यात दोन ड्रम ठेवून खत होतं. दुधाच्या पिशव्या वर्षाला सातशेच्या वर होतात. गंगावेशीत अजून कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात, तिथं किटली घेऊन जायचं मी सुरू केलंय, कचरा कमी होतो आणि गप्पाही होतात.

आता एक आक्षेप मला ठाऊक आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीची भट्टी एका पाळीत जेवढी वीज घेते तेवढी आमच्या गल्लीला कित्येक महिने पुरेल, मग घरातल्या सेट-टॉप बॉक्सचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. पण फौंड्रीवाल्याला त्याचं युनिट तोंडपाठ असतं. टनामागे किती युनिट लागले हे तो रोज बघतो, नाहीतर धंदा बुडेल. घरवाला एवढाच रुपयांवर चालतो. त्यामुळे होतं काय की रुपया हलका झाला की वापर सुटतो. शेजारी एकानं पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्यावर आलं. उत्तम योजना, मीही विचार करतोय. पण त्या घरात सहा महिन्यांत दुसरा एसी आला. विचारलं तर म्हणाले, "आता फुकटच हाय की!"

याहून अवघड अवस्था अपार्टमेंटांची आहे. माझी बहीण उपनगरात राहते. तिच्या इमारतीला पाण्याचं एकच कनेक्शन, बिल सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटून मेंटेनन्समध्ये जातं. ती विधवा बाई एकटी राहते, तिच्या खालच्या मजल्यावर सातजण. दोघांना पाण्याचा आकार एकच. तिथं कुणी मोजायचं म्हटलं तरी मोजायला काही नाही. नव्या इमारतींना परवानगी देताना प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र पाण्याचं मीटर सक्तीचं करावं, अशी महापालिकेला आपल्या पत्रातून विनंती करतो. जुन्या इमारतींत नळजोडण्या वेगळ्या करणं खर्चाचं आहे, तिथं निदान गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या प्रत्येक पाईपला लहान मीटर बसवता येतं.

आणि आपल्याला एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज धरणांच्या साठ्याची चौकट छापता. तशीच महिन्यातून एकदा 'घरचं रीडिंग' म्हणून चौकट द्या, वाचकांनी आपले युनिट आणि घनमीटर कळवावेत, माणसं किती तेही. रक्कम कळवू नये.

ज्यांना मीटर वाचायचा कसा हे कळत नाही त्यांनी लाजू नये, महावितरणचेच निवृत्त लोक कधी कधी पाण्याचा मीटर उलटा वाचतात. आमच्या पेठेतल्या तालमीत मी शिकवायला तयार आहे. वेळ संध्याकाळची धरावी, सकाळी मला दुधाला जायचं असतं.

आपला,
एक निवृत्त मीटर रीडर
मंगळवार पेठ, कोल्हापूर