बदली नाकारणे म्हणजे स्वेच्छेने नोकरी सोडणे नव्हे

संपादक महोदय,

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कामगाराला गेल्या वर्षी कारखान्याने तमिळनाडूतील होसूरच्या शाखेत पंधरा दिवसांत हजर होण्याचे पत्र दिले. पगार तोच, महिना १८ हजार रुपये. त्याची पत्नी नाशिकमध्येच नोकरी करते, मुलगी दहावीला होती आणि वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्याने असमर्थता कळवली तेव्हा नियुक्तिपत्रातील ‘कंपनीच्या कोणत्याही शाखेत बदली होऊ शकते’ या अटीवर बोट ठेवून, आदेशभंगाची कारवाई हवी की राजीनामा देता, असे त्याला विचारण्यात आले. पुढे कुठे काम मागताना बडतर्फीचा डाग नको, म्हणून त्याने राजीनामा लिहून दिला.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला बेकारी भत्त्याचा आधार देण्यासाठीच १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के असलेला भत्ता २०२० मध्ये ५० टक्के झाला आणि तो जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. म्हणजे या कामगारासाठी साधारण २६-२७ हजार रुपये. मात्र गैरवर्तनाची शिक्षा, नियत सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे बेकारी आली असेल, तर हा भत्ता नाही. बदली नाकारणाऱ्याची नेमकी इथेच कोंडी होते, कारण कारवाई पत्करली तर ते गैरवर्तन ठरू शकते आणि राजीनामा दिला तर तो ‘स्वेच्छेचा’ म्हणून दाखवता येतो. दरमहा पगारातून कापून घेतलेली विम्याची वर्गणी, तीही वर्षानुवर्षे, अशा वेळी त्याच्या उपयोगी पडणार नसेल तर ती कशासाठी, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

अंतराचा विचार आपल्या कामगार कायद्यांना नवा नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेल्या कलम २५-ई नुसार ले-ऑफ झालेल्या, म्हणजे काम नसल्याने मालकाने तात्पुरते घरी बसवलेल्या कामगाराने पर्यायी काम नाकारले तर त्याची भरपाई बुडत असे. परंतु ते काम त्याच आस्थापनेत, किंवा त्याच मालकाच्या, त्याच गावातील वा पाच मैलांच्या परिघातील दुसऱ्या आस्थापनेत असावे आणि वेतन पूर्वीइतकेच असावे, अशी अट होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानेही व्यवस्थापकीय धोरणाच्या आडून केलेली दुष्ट हेतूची बदली अनुचित कामगार प्रथा ठरवली. त्याच शहरातील, त्याच पगाराची बदली केवळ नावड म्हणून नाकारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. हजार किलोमीटर दूरच्या बदलीला मात्र तोच न्याय लावता येत नाही.

म्हणून महामंडळाने या योजनेच्या अटींमध्ये, बिऱ्हाड हलवल्याशिवाय स्वीकारता येणार नाही अशी बदली नाकारल्यामुळे गेलेली नोकरी ही अनिच्छेने आलेली बेकारी मानली जाईल, असे स्पष्ट नमूद करावे. राजीनाम्यासोबत बदलीचा आदेश जोडलेला असल्यास शाखा कार्यालयाने दोन्ही कागद एकत्र वाचूनच दाव्याचा निर्णय द्यावा, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, सातपूर, नाशिक